फिजीत आधी नोकरी, मग स्वतःचा व्यवसाय: अनुभव, हिशोब आणि काही प्रश्न

शीतयंत्र (धागाकर्ता)

मी 2011 साली फिजीत आलो. वीती लेवू या मुख्य बेटाच्या पश्चिमेला, नांदीजवळच्या एका हॉटेलात वातानुकूलन यंत्रणा आणि शीतगृहे यांच्या देखभालीची नोकरी होती. ती सहा वर्षे केली आणि 2017 पासून त्याच कामाचा स्वतःचा छोटा व्यवसाय चालवतो आहे. येथे नोकरीसाठी यावे का, पुढे व्यवसाय काढता येतो का, असे विचारणारे संदेश अधूनमधून येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहावे, म्हणून हा धागा काढला आहे.

माझ्या अनुभवाचे सार असे की बेटावरच्या व्यवसायात सर्वांत जास्त भांडवल वाट पाहण्यात अडकते. जहाजाची वाट, पर्यटनाच्या हंगामाची वाट, परवान्याची वाट, जमिनीच्या भाडेपट्ट्याला मिळणाऱ्या संमतीची वाट आणि शेवटी गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या पैशांची वाट. इतकी वाट पाहण्याची ऐपत आपल्यापाशी आहे का, हे ज्यांनी आधी मोजले नाही, अशी हातात उत्तम कसब असलेली माणसे दोन वर्षांत परत गेलेली मी पाहिली आहेत.

प्रथम बाजारपेठेचा आकार लक्षात घ्यावा. फिजीत तीनशेहून अधिक बेटे आहेत; 2017 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 8,84,887 भरली. तीही दोन मोठ्या बेटांवर आणि कितीतरी लहान बेटांवर विखुरलेली आहे. पश्चिमेला नांदी, देनाराऊ आणि लौतोका, दक्षिणेला राजधानी सुवा, उत्तरेकडच्या वानुआ लेवूवर लंबासा आणि सावुसावु, एवढ्यांतच बहुतेक उलाढाल होते. माझ्या क्षेत्रातली मोठी गिऱ्हाइके मोजायला दोन हातांची बोटे पुरतात. एक गिऱ्हाईक नाराज झाले, तर त्याची जागा घेणारे दुसरे शोधायला येथे शहर शिल्लक नसते. ज्या व्यवस्थापकाशी आज वाद झाला, तोच पुढच्या वर्षी दुसऱ्या हॉटेलात बसलेला असतो.

आता वाट पाहण्याचा हिशोब. येथे कॉम्प्रेसर तयार होत नाही, तांब्याची नळी तयार होत नाही, नियंत्रक आणि झडपाही बाहेरूनच येतात. माझा माल ऑकलंड, सिडनी, सिंगापूर किंवा भारतातून सुवा अथवा लौतोका बंदरात येतो. विजेचा दाब 240 व्होल्ट आणि वारंवारता 50 हर्ट्झ असल्यामुळे भारतातली बरीच यंत्रे येथे बदल न करता चालतात, ही सोय आहे. मात्र भारतातला पुरवठादार सकाळी दहाला दुकान उघडतो, तेव्हा येथे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. एका प्रश्नाला एक दिवस, असा पत्रव्यवहार चालतो. माल निघाल्यावर तो जहाजातून जहाजात चढतो, आणि लाकडी खोक्यांवर आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कीडनाशक प्रक्रिया केल्याचा शिक्का नसेल, तर जैवसुरक्षा अधिकारी खोकी अडवतात. ते योग्यच करतात, कारण बाहेरची एखादी कीड बेटावर शिरली तर तिला मागे लोटण्याचा मार्ग नसतो. माल सुटण्यापूर्वी सीमाशुल्क आणि मूल्यवर्धित कर भरावा लागतो, आणि तो केवळ मालाच्या किमतीवर नव्हे, तर विमा व जहाजभाडे धरून आकारला जातो. म्हणजे एक वस्तू विकण्याआधी तिची किंमत, तिचा प्रवास आणि तिच्यावरचा कर असे तिन्ही पैसे माझ्या खिशातून गेलेले असतात.

पहिल्या वर्षी मला हे कळले नव्हते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, यासावा बेटांवरच्या एका रिसॉर्टच्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर जळाला. देनाराऊहून उत्तरेकडच्या बेटांना जाणारी बोट सकाळी सुटते आणि त्याच दिवशी परतते. तिच्यातून पोहोचून दोष शोधायला हाती तासभर मिळतो, नाहीतर मुक्काम करावा लागतो. मी मुक्काम केला, दोष सापडला, पण जोडायला सुटा भाग नव्हता. तो ऑकलंडहून विमानाने मागवला. नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्यांमुळे तो यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत रिसॉर्टची मासळी आणि मांस वाया गेले, पाहुण्यांना रोज बोटीने आणलेले अन्न द्यावे लागले. माझी चूक मालकाने बोलून दाखवली नाही, तरीही मी ती विसरलेलो नाही. त्यानंतर माझ्याकडे देखभालीचा करार असलेल्या प्रत्येक शीतगृहासाठी एक पर्यायी कॉम्प्रेसर फळीवर ठेवतो. त्या फळीवर आज माझे जवळजवळ निम्मे खेळते भांडवल पडून आहे, आणि पहिल्या दिवसापासून ते तसेच ठेवायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

समुद्राचा खारा वारा हा आमच्या धंद्याचा शत्रूही आहे आणि आधारही. किनाऱ्यावर बसवलेल्या कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, ॲल्युमिनियमच्या पात्या थोड्याच वर्षांत पांढऱ्या पिठासारख्या झडू लागतात. स्वस्त यंत्र घेणाऱ्याला ते लवकर बदलावे लागते. मी गिऱ्हाइकांना लेप दिलेल्या पात्यांचेच यंत्र घ्यायला सांगतो. त्यामुळे विक्री कमी होते, पण देखभालीचे करार टिकतात.

ज्यांना विचारायचे असेल त्यांनी येथेच विचारावे, म्हणजे उत्तर सर्वांना मिळेल.

नवा प्रवासी

धागाकर्त्यांचे मनापासून आभार. मी लेखापाल आहे आणि मला सुवा येथील एका कंपनीकडून तीन वर्षांच्या कराराचा प्रस्ताव आला आहे. दोन-तीन वर्षे नोकरी करून, बाजार समजल्यावर स्वतःची हिशोब आणि करविषयक सेवा सुरू करावी, असा विचार आहे. कामाच्या परवान्यावर असताना व्यवसायाची तयारी करता येते का? तसेच तेथे पगारातून बचत होते का?

शीतयंत्र

आपल्या दोन्ही प्रश्नांवर मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मी स्वतः येथेच अडखळलो होतो.

कामाचा परवाना हा नोकरी देणाऱ्याशी आणि ठरावीक पदाशी जोडलेला असतो. त्यावर असताना दुसरीकडे पैसे घेऊन काम करणे, अगदी शनिवारी मित्राच्या दुकानातला फ्रीज दुरुस्त करून मोबदला घेणेसुद्धा, परवान्याचा भंग ठरते. बाजार पाहणे, लोकांना भेटणे, हिशोब मांडणे यांना कोणी अडवत नाही. पण व्यवसाय सुरू करायचा झाला की गुंतवणूकदार म्हणून वेगळा परवाना लागतो. मी सुरुवात केली तेव्हा 1999 चा परकीय गुंतवणूक कायदा लागू होता. त्याच्या जागी आता 2021 चा गुंतवणूक कायदा आला आहे. टॅक्सीसारखे काही व्यवसाय देशाच्या नागरिकांसाठी राखून ठेवलेले आहेत, तर काहींत परदेशी व्यक्तीला ठरावीक अटींवरच उतरता येते. आपली सेवा कोणत्या रकान्यात बसते, हे ‘इन्व्हेस्टमेंट फिजी’ या सरकारी संस्थेकडून लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर मी चार महिने घालवले होते.

नोकरी सोडल्यानंतर आणि नवा परवाना मिळण्यापूर्वीचा काळ सर्वांत अवघड असतो. माझ्या त्या वेळच्या मालकाने मला आधी दोन महिन्यांची मुदत देण्याचे मान्य केले आणि नंतर राजीनामा हाती पडताच परवाना रद्द करण्याचे पत्र पाठवले. मला देशाबाहेर जाऊन परत यावे लागले. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी तीन कलमे पाहावीत: नोटिशीचा काळ, परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाचा, आणि नोकरी संपल्यावर त्याच क्षेत्रात व्यवसाय करण्यास मनाई आहे का. आपल्या बाबतीत तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे, कारण सुवामध्ये आपले भावी गिऱ्हाईक बहुधा आपल्या मालकाचेच गिऱ्हाईक असणार.

बचत होते, पण कुटुंब बरोबर असेल तर अपेक्षेपेक्षा कमी होते. कंद, मासळी आणि भाजी बाजारात वाजवी दरात मिळते. औषधे, वाहन, इलेक्ट्रॉनिक वस्तू अशा समुद्र ओलांडून येणाऱ्या गोष्टी महाग पडतात.

सुवाकर

मी सुवामध्ये घाऊक मालाच्या व्यापारात बरीच वर्षे आहे. धागाकर्त्यांनी साठ्याबद्दल जे लिहिले ते खरे आहे, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण साठा म्हणजे सुरक्षितता असे समजून मी एकदा मोठे नुकसान सोसले आहे.

फिजीचा डॉलर हा परकीय चलनांच्या एका समूहाशी बांधलेला आहे, त्यामुळे रोजच्या व्यवहारात तो स्थिर वाटतो. परंतु जानेवारी 1998 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2009 मध्ये त्याचे 20 टक्क्यांनी अवमूल्यन झाले. ज्याच्याकडे माल भरलेला होता त्याला त्या दिवशी लाभ झाला, आणि ज्याने परदेशातून उधारीवर माल आणला होता त्याचे देणे एका रात्रीत एक चतुर्थांशाने वाढले. मी दुसऱ्या गटात होतो. तेव्हापासून परदेशी चलनातली उधारी मी माझ्या दोन महिन्यांच्या वसुलीपेक्षा जास्त होऊ देत नाही. देशाबाहेर पैसे पाठवतानाही रिझर्व्ह बँकेचे विनिमय नियंत्रण आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत व्यापारी बँका स्वतः परवानगी देतात, त्यापुढे अर्ज करावा लागतो. नफा मायदेशी नेण्याचे नियोजन करणाऱ्यांनी पहिल्या वर्षापासून कराचे कागद नीट ठेवावेत, कारण पैसे पाठवताना तेच विचारले जातात.

बँकांची अडचण मात्र नाही. बँक ऑफ बडोदा येथे 1961 पासून आहे, ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या बँकाही आहेत. खाते सहज उघडते. नव्या परदेशी माणसाला कर्ज मात्र सहज मिळत नाही, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. त्याविषयी धागाकर्त्यांनी लिहावे.

मूल्यवर्धित कराबद्दल एक सूचना. वर्षाची उलाढाल एक लाख फिजी डॉलरच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची होते. दर गेल्या काही वर्षांत बराच हलला आहे: 2016 मध्ये तो 15 वरून 9 टक्के झाला, ऑगस्ट 2023 मध्ये पुन्हा 15 झाला आणि ऑगस्ट 2025 पासून 12.5 टक्के आहे. दीर्घ मुदतीच्या करारात किंमत करासह लिहिणाऱ्यांना 2023 मध्ये तो फरक स्वतःच्या पदरून भरावा लागला. किंमत करविरहित लिहावी आणि लागू असेल तो कर वेगळा, असे कलम घालावे.

शीतयंत्र

सुवाकर यांनी उधारीचा मुद्दा मांडला, तो मी माझ्या वह्यांत ठळक अक्षरांत लिहून ठेवतो आहे.

जमिनीविषयी. फिजीतली सुमारे 87 टक्के जमीन इतौकेई, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मातांगाली या कुलसमूहांच्या सामूहिक मालकीची आहे. ती विकता येत नाही. तिचा कारभार इतौकेई जमीन न्यास मंडळाकडे आहे आणि तिच्यावर केवळ भाडेपट्टा मिळतो. शेतीच्या जमिनीसाठी 1976 च्या कायद्याने तीस वर्षांचे पट्टे आले आणि आधीपासून चालू असलेल्या पट्ट्यांना वीस वर्षांची वाढ मिळाली. हे जुने पट्टे 1997 नंतर संपू लागले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ऊस पिकवणारी कित्येक भारतीय वंशाची कुटुंबे जमीन सोडून शहरांत किंवा परदेशी गेली. या इतिहासाची जखम दोन्ही बाजूंना आहे, आणि परदेशी माणसाने त्यावर घाईने मत देऊ नये.

व्यवसायाच्या दृष्टीने परिणाम असा की गाळा किंवा शेड घेताना भाड्यापेक्षा पट्ट्याची शिल्लक वर्षे आधी पाहावीत. मी नांदीजवळ एका शेडची अनामत भरली, आत शीतगृहाची चाचणी खोली बांधली, आणि मग कळले की मूळ पट्ट्याची सातच वर्षे उरली आहेत व मला दिलेल्या पोटभाड्याला मंडळाची संमतीच घेतलेली नव्हती. बँकेने त्या शेडच्या आधारावर कर्ज नाकारले. संमती मिळवायला दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात मी कोणालाही दोष देत बसलो असतो, तर बरे झाले नसते. मूळ पट्टा पाहण्याची मागणी मीच केली नव्हती. खासगी मालकीची जमीन थोडी आहे, आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर शहरांच्या हद्दीतली निवासी जमीन परदेशी व्यक्तीला घेण्यावर कडक बंधने आली आहेत.

कुलसमूहाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या रिसॉर्टमध्ये मोठे काम काढायचे असेल, तर मी आधी गावात जाऊन सेवुसेवु करतो. यांगोनाच्या, म्हणजे ज्यापासून कावा हे पेय करतात त्या झुडपाच्या, मुळ्यांची जुडी गावप्रमुखांपुढे ठेवून आपण कशासाठी आलो ते सांगायचे आणि त्यांनी ती स्वीकारायची. पहिल्यांदा मला कोणी सांगितले म्हणून केले होते. आता मला त्याचे मोल कळते: आपल्याला तेथे येण्याचा हक्क आपोआप मिळालेला नाही, तो मागावा लागतो, हे दर वेळी नव्याने कबूल केले जाते.

लौतोका शिक्षिका

मी लौतोकामध्ये शिकवते. येथे येणाऱ्या भारतीयांना समाजाबद्दल दोन शब्द सांगावेसे वाटतात.

1879 ते 1916 या काळात सुमारे 60,000 लोक गिरमिटावर, म्हणजे कराराने बांधलेले मजूर म्हणून, ऊसमळ्यांसाठी येथे आणले गेले. पहिले जहाज, लिओनिदास, 14 मे 1879 रोजी आले. त्यांचे वंशज स्वतःला फिजीचेच मानतात, आणि ते आहेतच. नव्याने येणारे भारतीय त्यांच्या बोलीला ‘अशुद्ध हिंदी’ म्हणतात, हे ऐकून मला फार वाईट वाटते. ती अवधी-भोजपुरीतून येथेच घडलेली स्वतंत्र भाषा आहे. ती आदराने शिकणाऱ्याला घरातल्या माणसासारखे वागवले जाते.

1987 मध्ये दोनदा, 2000 मध्ये आणि 2006 मध्ये येथे सत्ता उलथवली गेली. 1987 नंतर भारतीय वंशाचे लोक इतक्या संख्येने बाहेर गेले की 2007 च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवर आले. माझ्या शाळेतल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचे कोणीतरी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा कॅनडात आहे. डिसेंबर 2022 च्या निवडणुकीनंतर मतपेटीतून शांतपणे सरकार बदलले, तेव्हा आमच्या शिक्षककक्षात काही जणांचे डोळे ओले झाले होते. बाहेरून येणाऱ्याने सत्तापालटाचा हा धोका लपवू नये आणि फुगवूही नये.

माझा धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे आणि तो टीका म्हणून घेऊ नये. एवढ्याशा बाजारात बाहेरचा माणूस येऊन कंत्राटे घेतो, तेव्हा येथल्या तरुणांचे काम जाते का?

शीतयंत्र

हा प्रश्न मी स्वतःला विचारत आलो आहे, म्हणून टाळणार नाही.

माझ्याकडे सहा जण काम करतात. सहाही फिजीचे आहेत. प्रशीतक, म्हणजे यंत्रात थंडावा निर्माण करणारा, वायू हाताळण्यासाठी येथे 1998 च्या ओझोनविषयक कायद्याखाली परवाना लागतो. तो मिळेपर्यंत मुलगा माझ्या हाताखाली शिकतो, आणि मिळाल्यावर वर्ष-दोन वर्षांत ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जातो. आतापर्यंत पाच जण गेले. एप्रिल 2025 पासून किमान वेतन ताशी पाच फिजी डॉलर आहे. मी कुशल माणसाला त्याच्या कितीतरी जास्त देतो, तरी तिकडच्या वेतनाची बरोबरी माझ्याच्याने होणार नाही. सुरुवातीला राग येत असे. आता शिकवण्याचा खर्च मी व्यवसायाचा नेहमीचा खर्च म्हणून धरतो आणि दर वर्षी एक नवा मुलगा किंवा मुलगी घेतो. म्हणून काम जाते असे मला वाटत नाही. कुशल हातच कमी पडतात. मात्र ज्या कामासाठी येथला माणूस तयार आहे, तेथे मी कंत्राटासाठी किंमत पाडत नाही. हा माझा नियम आहे, कायदा नव्हे.

नवा प्रवासी

वादळ आणि महामारी यांबद्दल विचारायचे राहिले. अशा काळात छोटा व्यवसाय कसा तगतो?

शीतयंत्र

20 फेब्रुवारी 2016 रोजी विन्स्टन चक्रीवादळ आले तेव्हा मी नोकरीत होतो. 44 माणसे गेली. कोरो बेट आणि रा प्रांतात गावेच्या गावे उघडी पडली. एकूण हानी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे एक पंचमांश होती. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ. इमारतीला चक्रीवादळाचा विमा हवा असेल तर अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते, आणि जुन्या शेडला ते सहसा मिळत नाही. शेड निवडताना हेही पाहावे.

महामारी मात्र आणखी कठीण गेली, कारण तिला शेवट दिसत नव्हता. 2019 मध्ये सुमारे 9 लाख पर्यटक आले होते. मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाली ती 1 डिसेंबर 2021 पर्यंत. 2020 मध्ये देशाची अर्थव्यवस्था सुमारे 17 टक्क्यांनी आकसली. माझी तीन चतुर्थांश गिऱ्हाइके हॉटेले होती. बंद खोल्यांत दमटपणाने बुरशी चढू नये म्हणून यंत्रे अधूनमधून चालवावी लागत, पण त्याचे पैसे देण्याची कोणाची स्थिती नव्हती. मी काही ठिकाणी फुकट गेलो. व्यवसाय तगला तो सुवामधल्या ट्यूना मासळीच्या शीतगृहांवर आणि किराणा दुकानांच्या फ्रीजवर, जी गिऱ्हाइके मी आधी किरकोळ समजत होतो. आज हॉटेलांचा वाटा मी निम्म्यावर जाऊ देत नाही. हंगामात कामे नाकारावी लागतात, तरी नाही.

आपण लेखापाल आहात, म्हणून आपल्यासाठी आकडा सांगतो. व्यवसायाला पहिला डॉलर मिळण्याआधी, घरखर्च धरून, बारा महिन्यांची तरतूद असावी. मी सहा महिन्यांची घेऊन उतरलो होतो. सातव्या महिन्यापासून पत्नीच्या पगारावर घर चालले. आणि शक्य असेल तर नोकरीवर हजर होण्यापूर्वी एकदा फेब्रुवारीत येऊन जावे. जुलैमध्ये येथे सगळी हॉटेले भरलेली असतात आणि प्रत्येक व्यवसाय चालेलसा वाटतो.

नवा प्रवासी

कराराचा मसुदा आज पुन्हा वाचला. नोकरी संपल्यानंतर दोन वर्षे सुवामध्ये हिशोब व करसेवा देण्यास मनाई करणारे कलम त्यात आहे. पहिल्या वाचनात मी ते ओलांडून गेलो होतो. ते काढावे किंवा सहा महिन्यांवर आणावे, असे पत्र कंपनीला लिहिले आहे. उत्तर आले की येथे कळवतो.